जेवणानंतर एक गाणं

“काकू, खरं सांगा. काकांचा माझ्यावर काही राग आहे का?”

डागवाला हे इतक्या जवळ येऊन पुटपुटला की काकूंच्या सुईतला दोरा त्याच्या श्वासाने हलला. काकूंनी मान वर केली नाही. त्यांच्या मांडीवर एका कोटाची बाही होती, बाहीला कोपराशी कसरीने खाल्लेलं भोक होतं, आणि त्या भोकातून त्या अशा निरखून बघत होत्या की जणू पलीकडे त्यांचं माहेर दिसतंय.

गाऱ्हाणं साधं होतं. काल काउंटरवालीचं हिप-हॉप वाजलं, तर काकांनी डबा बाजूला सारून त्यावर भाषण केलं. परवा डागवाल्याचं गाणं वाजलं, चांगलं आठवडाभर निवडून, पाखडून आणलेलं, तर काका म्हणाले, गोड आहे. गोड म्हणजे काय, ते खोकल्याचं औषध आहे का, असा डागवाल्याचा सवाल होता. एक वेळ शिव्या परवडल्या, पण गोड नको.

“राग कसला,” काकू म्हणाल्या. “आवड असते एकेकाची.”

हे खोटं होतं. आणि खोटं बोलताना काकूंचा टाका नेहमी जरा लांब पडायचा. आताही पडला. त्यांनी तो उसवला आणि पुन्हा घातला.

दुकान ड्रायक्लीनिंगचं. पुढे काउंटर, तिथे काउंटरवाली. दोन लेकरांची आई, पण तोंड असं चालायचं की कपड्यांची चिठ्ठी फाडून होईपर्यंत गिऱ्हाइकाची अर्धी कहाणी तिला कळलेली असे. काउंटरमागे डागवाल्याचं टेबल. शाई, तेल, गंज, रक्त, ज्याचा त्याचा वेगळा ब्रश आणि वेगळी बाटली. त्याच्या मागे वाफेच्या इस्त्रीचं लांबलचक टेबल, तिथे काका. खिडकीशी रफूची खुर्ची, तिथे काकू. काका-काकू हे नवरा-बायको. दुकानात आले तेव्हा त्यांना दुसऱ्या नावांनी हाक मारत असत, पण ती नावं आता कुणाला आठवत नव्हती. भिंतीपलीकडे धुण्याची आणि पिळण्याची यंत्रं. आणि मालकीणबाई सगळीकडे.

गाण्याची ही प्रथा मालकीणबाईंनीच पाडलेली. त्याआधी दुकानात रोज महाभारत व्हायचं. डागवाला गिटारवाली मंडळी लावायचा. तो त्याला इंडी रॉक म्हणायचा. मोठ्या कंपन्यांच्या नादी न लागता पोरं आपापल्या खोलीत गाणी करतात, असं त्याने एकदा समजावून सांगितलं, तेव्हा मालकीणबाई म्हणाल्या होत्या, मग रेकॉर्ड करताना निदान पंखा तरी बंद करायचा. काउंटरवालीला रॅप लागायचं. बसमध्ये एका कानात गाणं आणि दुसऱ्या कानात धाकट्याची कुरकुर, यावर तिचा दिवस उभा राहायचा. दोघं एकमेकांचं गाणं बंद करत, मग एकमेकांशी बोलणं बंद करत, आणि मधल्या मधे एकदा कुणाचा पांढरा सदरा कुणाच्या निळ्या पडद्यांबरोबर धुवायला गेला. त्या दिवशी मालकीणबाईंनी निकाल दिला. रोज जेवणानंतर एकच गाणं, पाळीपाळीने. इस्त्रीच्या टेबलाभोवती सगळ्यांनी बसायचं, हात रिकामे ठेवायचे, आणि गाणं संपलं की प्रत्येकाने आपल्याला काय वाटलं ते सांगायचं. छान आहे, बेकार आहे, हे चालणार नाही. आपल्या मनात काय आलं ते पाहिजे. ज्याचं सांगणं सगळ्यांत आळशी, त्याने त्या दिवशी धुवायला आलेल्या कपड्यांचे खिसे तपासायचे.

खिसे तपासणं म्हणजे काय ते ज्याने केलं त्यालाच कळेल. वापरलेले रुमाल, चघळून गुंडाळलेलं च्युइंगम, एकदा तर कुणाची दाढ. त्या भीतीने माणसं समीक्षक झाली.

काउंटरवाली एका गिटारवाल्याबद्दल म्हणाली की बायको याला सोडून गेली आहे हे याला कळलंय, पण हा अजून तिच्या चपलांबद्दलच बोलतोय. डागवाला त्याच गाण्याबद्दल म्हणाला की घर रिकामं केल्यावर भिंतीवर कपाटाच्या जागी जो स्वच्छ चौकोन राहतो ना, तसं वाटलं. काकूंना फार काही सुचायचं नाही. कुठलंही इंडी गाणं लागलं की त्यांच्या मनात एकच यायचं की या पोराला कुणीतरी धरून जेवायला बसवा. हे त्या दर वेळी थोडं फिरवून सांगत आणि दर वेळी खिसे त्यांच्याच वाट्याला येता येता राहत. मालकीणबाईंना बहुतेक गाण्यांनी झोप यायची, पण कुठल्या गाण्याने कशी झोप आली हे त्या इतकं बारकाईने सांगत की तक्रारीला जागा नसे.

पण खरी बहार काकांची. एका रॅपवाल्याबद्दल ते म्हणाले होते, हा माणूस काठोकाठ भरलेलं पातेलं घेऊन जिना उतरतोय. धावतोय. खाली कुणीतरी वाट बघतंय, म्हणून धावतोय, आणि तरी एक थेंब सांडत नाही. काउंटरवालीने ते गाणं शेकडो वेळा ऐकलं होतं. ती म्हणाली, आता मला ते दुसरं काही वाटणारच नाही.

काका बोलायला लागले की काकू खाली बघत. बघत त्या काकांच्या तळहाताकडे. गाणं सुरू झालं की काका हात टेबलावर पालथा ठेवत, बोटं पसरून, तापलेली इस्त्री फिरवण्याआधी कापड सपाट करतात तसा. स्पीकर त्याच टेबलावर. ढोल, ठेका, जे काही असेल ते लाकडातून त्यांच्या हातात यायचं आणि हातातून पुढे त्यांच्या मनात जायचं. गिटारवाल्यांचं मात्र काही यायचं नाही. ती बिचारी इतकी हळू वाजवत की टेबलाला त्याचा पत्ताच नसे. मग काका आजूबाजूचे चेहरे बघत, सगळ्यांचे डोळे जरा मिटलेले दिसले की म्हणत, गोड आहे.

काकांना ऐकू येत नव्हतं. थोडं कमी वगैरे नाही, जवळपास नाहीच.

हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं, एक डागवाला सोडून. कलावंताला स्वतःच्या अपमानापलीकडे सहसा काही दिसत नाही. बाकीच्यांनी मात्र न बोलता सगळी व्यवस्था लावून घेतली होती. मालकीणबाईंनी बॉयलरच्या शिट्टीला एक लाल दिवा जोडला आणि हल्ली सगळीकडे असाच असतो म्हणाल्या. काउंटरवाली काकांना हाक मारायची नाही. त्यांच्या टेबलावर हँगरने ठकठक करायची, जणू तिला तशी खोडच आहे. आणि काकू तर घरीदारी त्यांचं बोलणं सांधून घ्यायच्या. शेवटी व्यवसायच सांधायचा.

न बोलण्याला कारणही तसंच होतं. मागे एकदा एका घाईतल्या बाईने काकांना काही विचारलं, उत्तर आलं नाही, तेव्हा तिने कानाशी बोट फिरवून काउंटरवालीला खूण केली. काकांनी ते पाहिलं. त्यानंतर आठवडाभर त्यांनी डबा एकट्याने खाल्ला, भिंतीकडे तोंड करून, आणि गाणं लागलं की उठून बॉयलरकडे जायचे. त्या आठवड्यात सगळ्यांची सांगणी आळशी झाली. खिसे कुणी तपासायचे याचा निवाडा करायचं कुणाला सुधरेना. सगळ्यांनी मिळून तपासले. पुढच्या आठवड्यात काका पुन्हा येऊन बसले, टेबलावर हात ठेवला, आणि तेव्हापासून झाकली मूठ सव्वा लाखाची असं दुकानात ठरून गेलं. कुणी ठरवलं नाही. ठरून गेलं.

घरची गोष्ट निराळी. घरी इस्त्रीचं टेबल नव्हतं. घरी काका पेपर वाचत, जेवत, झोपत. काकूंनी काही सांगितलं की मान डोलवत. एकदा काकू म्हणाल्या की वरच्या मजल्यावरच्यांच्या मोरीचं पाणी आपल्या बाथरूममध्ये टपकतंय, तर काका प्रसन्नपणे म्हणाले, चांगली माणसं आहेत. काकूंनी एकदा भीत भीत डॉक्टरचा विषय काढला, कानाकडे बोट न नेता, नुसता डॉक्टरचा. काका लगेच तयार झाले, गेले, आणि नवा चष्मा घेऊन आले. म्हणाले, हल्ली लोक तोंडातल्या तोंडात बोलतात, नीट दिसलं तरी पाहिजे. चष्म्याने फरक पडला हेही खरं. ओठ बरेच वाचता येऊ लागले. पण स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहून बायको जे बोलते त्याला कुठला चष्मा लागू पडणार? आणि नवरा-बायकोचं निम्मं बोलणं पाठमोरंच असतं.

काकूंना घरात कधीकधी आपण कुणाच्या तरी फोटोसोबत राहतो आहोत असं वाटे. हार तेवढा बाकी. पूर्वी हाच माणूस भांडी घासताना शेजारी उभा राहून अखंड बडबडायचा. त्या वैतागून म्हणायच्या, जरा तोंडाला विश्रांती द्या. आता ती बडबड दिवसाकाठी एकदाच कानी पडायची, जेवणानंतर, एका गाण्यापुरती. एवढं एक जपायचं, यासाठी काकू बाकी सगळं गिळत होत्या. कुणी बोललं, तर काका पुन्हा भिंतीकडे तोंड करतील. या वेळी आठवड्याने परत येतील याची काय खात्री?

म्हणून त्यांनी डागवाल्याला आवड असते एकेकाची एवढंच सांगितलं. आणि त्याचा त्याने भलताच अर्थ लावला. त्याला वाटलं, दोष स्पीकरचा आहे. दुकानातला स्पीकर म्हणजे साबणाच्या वडीएवढा डबा. त्यातून रॅपचा दणका निघतो, पण गिटारची बारीक कलाकुसर त्यात मरून जाते. काकांसारख्या दर्दी माणसाला ती ऐकूच आली नसणार. यातलं शेवटचं वाक्य तो काकूंसमोर दोनदा म्हणाला आणि दोन्ही वेळा काकूंचा टाका लांब पडला.

त्याच्या पाळीच्या दिवशी तो मेव्हण्याचा स्पीकर घेऊन आला. उशीएवढा, काळा, समोर निळा दिवा. काउंटरवाली म्हणाली, लग्न आहे का कुणाचं? डागवाल्याने तिच्याकडे दुर्लक्ष करून स्पीकर टेबलाच्या मधोमध ठेवला, खालून रुमाल फिरवला आणि प्रस्तावना केली. गाणं हळू सुरू होतं. पहिलं मिनिटभर जवळपास काहीच नाही. नुसती खोली ऐकू येते. घाई करायची नाही. जो थांबेल त्यालाच मिळेल.

मालकीणबाईंनी खुर्चीत पाठ टेकली. निळा दिवा लुकलुकला आणि स्थिर झाला. डागवाल्याने फोनवर बोट दाबलं, फोन पालथा ठेवला आणि डोळे मिटले.

काही वाजलं नाही.

सगळे थांबले. जवळपास काहीच नाही, असं त्याने आधीच सांगितलं होतं, तेव्हा हे तेच असणार. काउंटरवालीने मान तिरकी केली, खोली ऐकू येते का बघितलं. खोली येत होती. मालकीणबाईंचे डोळे मिटू लागले. काकूंना वाटलं, पोराने या वेळी खरंच काहीतरी वेगळं आणलंय. याला जेवायला बसवावंसं वाटत नाही.

झालं असं होतं की डागवाल्याच्या फोनने नव्या स्पीकरला ओळख दाखवली खरी, पण गाणं पाठवलं होतं त्याच्या नेहमीच्या कानात घालायच्या बोंडांकडे. ती बोंडं खुंटीवर टांगलेल्या त्याच्या जाकिटाच्या खिशात होती. तिथे गाणं मोठ्या तब्येतीने चाललं होतं. खिसे तपासण्याचा नियम दुकानात कुणी स्वतःच्या कपड्यांना कधी लावला नव्हता.

आणि त्याच वेळी भिंतीपलीकडे पिळण्याच्या मशीनने उचल खाल्ली. त्यात सकाळचे जाड पडदे होते. मशीन जुनं, मालकीणबाईंनी दुसऱ्याच्या दुकानातून उचललेलं. ते सुरू झालं की भिंत, भिंतीला लागलेलं टेबल आणि टेबलावरचे डबे असे क्रमाने थरथरत. त्या आवाजाची सगळ्यांना इतकी सवय होती की तो त्यांच्या लेखी शांततेतच जमा होता.

डागवाल्याने एक डोळा उघडला. एवढ्यात गिटार यायला हवी होती. त्याने फोन उलटा करून पाहिला, गाणं पुढे सरकताना दिसत होतं. तो बटणाकडे हात नेणार, इतक्यात मशीन धापा टाकत थांबलं, टेबल निवलं, आणि काकांनी हात उचलून डोळे पुसले.

“याला म्हणतात गाणं,” काका म्हणाले.

डागवाल्याचा हात हवेतच राहिला.

काका बोलत सुटले. सुरुवातीला म्हणे हा माणूस ओझ्याखाली वाकलाय. ओलं, जड ओझं, अंगाला चिकटणारं. त्याला हलताही येत नाही, नुसता या अंगावरून त्या अंगावर होतो. मग त्याला कुठूनतरी जोर येतो. तो स्वतःभोवती फिरायला लागतो, आधी अडखळत, मग असा गरगर की ओझं आपसूक हलकं होत जातं, जे जड होतं ते सगळं बाहेर फेकलं जातं. आणि शेवटी तो लगेच थांबत नाही. थांबायचं कसं हे त्याला आठवावं लागतं. ते शेवटचं हळू हळू थांबणं, ते फार खरं आहे. काकांनी डागवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. आजवर तुझी गाणी मला कळली नसतील, म्हणाले, पण आज कळलं तू काय ऐकतोस ते.

टेबलाभोवती कुणी कुणाकडे बघितलं नाही. काउंटरवालीची नजर आधी भिंतीवर गेली, मग स्पीकरवर, मग डब्याच्या झाकणावर येऊन टेकली. काय झालं ते तिला सगळ्यांत आधी कळलं होतं, आणि तिचं तोंड, जे गिऱ्हाइकासमोर कधी हरलं नव्हतं, ते उघडून पुन्हा मिटलं. मग ती म्हणाली की शेवटी तर माझ्या अंगावर काटा आला.

पाळी मालकीणबाईंची. त्या व्यवहारी बाई. मी काय म्हणते, त्या म्हणाल्या, जुनं आहे, पण टिकाऊ आहे. अजून दहा वर्षं कुठे जात नाही.

मग डागवाला. काकू त्याच्याकडे बघत होत्या आणि त्यांना त्याच्या चेहऱ्यावर ते उमटताना दिसलं, डाग पाण्यात भिजला की हळूच कड दिसायला लागते तसं. हिप-हॉप का आवडायचं. गोड का म्हणायचे. टेबलावरचा तो पालथा हात. इतके महिने ज्या शाबासकीची त्याने वाट पाहिली, ती अखेर मिळाली होती, आणि ती पडदे पिळण्याच्या मशीनला मिळाली होती. एखाद्याने फोन आपटून खरं काय ते सांगून टाकलं असतं. त्याने फोन खिशात घातला.

“हो काका,” तो म्हणाला. “ते मधलं फिरणं. मलाही तेच आवडतं त्यात.”

काका खुलले. चष्मा नीट करून ते काकूंकडे वळले. आजवर त्यांनी काकूंना कधी आपणहून विचारलं नव्हतं. काकू आपलं जेवायला बसवायचं बोलून मोकळ्या व्हायच्या. आज त्यांनी विचारलं. तू सांग, म्हणाले, तुला काय वाटलं?

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी हा माणूस त्यांच्याकडे असा, काहीतरी हवं असल्यासारखा बघत होता. खोटं तयार होतं. ओझं हलकं होतं ते मलाही जाणवलं, एवढं म्हटलं की झालं. सगळे उठतील, डबे बंद होतील. उद्या पुन्हा एक गाणं. परवा पुन्हा पडदे. सगळी मंडळी भोवती बसून या माणसाला मायेने मशीनबद्दल सांगत राहतील, आणि तो जन्मभर एकटाच गाणं ऐकत राहील. दुकानातल्या चार भल्या माणसांनी मिळून त्याला भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं, आणि त्यात सर्वांत पुढे त्याची बायको होती.

काकू खाली मान घालून, आपल्याच हाताशी बोलल्यासारखं बोलल्या. गाणं लागलंच नव्हतं, म्हणाल्या. तुम्हाला ऐकू येत नाही.

मालकीणबाईंनी डोळे मिटले. डागवाला आपल्या बुटांकडे बघायला लागला.

काका समाधानाने हसले आणि डागवाल्याला म्हणाले, “बघ, हिलासुद्धा आवडलं. हिला सहसा काही आवडत नाही.”

आता मात्र काकूंना हसू आलं, आणि हसू आलं म्हणून रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आल्यावर जो राग येतो तो आला. त्या उठल्या. टेबलाला वळसा घालून पलीकडे गेल्या, काकांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. इतक्या वर्षांत चार माणसांत त्यांनी नवऱ्याच्या बाहीलाही हात लावला नव्हता. काका दचकले, पण चेहरा सोडवून घेतला नाही. चष्म्यामागचे त्यांचे डोळे काकूंच्या ओठांवर येऊन थांबले. पुढे काउंटरवर कुणीतरी हातात ओव्हरकोट घेऊन उभं होतं, आणि त्या माणसालाही प्रत्येक शब्द कळेल इतक्या मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून काकू म्हणाल्या:

“अहो, ते गाणं नव्हतं, पिळायचं मशीन होतं. तुम्हाला ऐकू येत नाही. आम्हा सगळ्यांना माहीत आहे. आणि मला घरी बोलायला कुणी नाही.”